धरणाच्या काठावरचे रविवार

हिंगोलीत गळ टाकायला चांगली जागा कुठली, हे दर हिवाळ्यात मला कोणी ना कोणी विचारतंच. विचारणारा बहुधा नुकताच बदलून आलेला नोकरदार असतो, नाहीतर पुण्यात शिकून परतलेला एखादा तरुण. त्याने मोबाइलवर काश्मीरच्या ओढ्यांतले ट्राउट पाहिलेले असतात, आणि त्याला नकाशावर एक ठिपका हवा असतो. मी ठिपका देत नाही, कारण आपल्याकडच्या पाण्यात तो टिकत नाही. नोव्हेंबरात ज्या दगडावर बसून रोहू मिळतो, त्या दगडापासून मार्चमध्ये पाणी इतकं लांब गेलेलं असतं की तिथून हाकही पोचणार नाही.

ट्राउटचं आधीच सांगून टाकतो. तो थंड पाण्याचा मासा. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्याला ते सोसवत नाही. इंग्रजांनी तो काश्मीरमध्ये आणून सोडला, पुढे हिमाचलात, निलगिरीत आणि मुन्नारच्या डोंगरांतही तो रुजला. मराठवाड्यातला मे महिना ज्याने अनुभवला आहे, त्याला यापुढे काही सांगायला नको. आपल्याकडे आहेत ते रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम, शिवडा, शिंगटा आणि आता सगळीकडे पसरलेली चिलापी. एवढी मंडळी असताना ट्राउटची हळहळ मला कधी वाटली नाही.

मी मूळचा गुहागर तालुक्यातला. लहानपणी समुद्रावर गरवायला जायचं म्हणजे आधी कालनिर्णय बघायचं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. लाटा कुठे फुटतात आणि कुठे फुटत नाहीत, याकडे वडील आधी बोट दाखवायचे. लाट फुटते तिथे वाळूचा उंचवटा असतो. दोन फुटणाऱ्या लाटांच्या मधे जो काळपट, गुळगुळीत पट्टा दिसतो, तिथे पाणी खोल असतं आणि मुडदुशे, बोय, कधी रावस त्याच वाटेने फिरतात. गळाला शिसं लावून तांगूस, म्हणजे गळाची दोरी, त्या पट्ट्यात टाकायची आणि वाट बघायची. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, त्यामुळे सकाळ वाया गेली तरी संध्याकाळ हाताशी असते.

नोकरीत हिंगोलीला बदली झाली, तेव्हा नातेवाइकांनी सहानुभूती दाखवली ती बहुतेक माशांच्या जेवणाबद्दल. परभणी जिल्ह्याचं विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हा जिल्हा झाला. समुद्र इथून रेल्वेने गेलं तरी रात्रभराच्या पुढचा. पण जिल्ह्याच्या अंगाखांद्यावर पाणी किती आहे, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. पश्चिमेला पूर्णा नदीवर येलदरी आणि तिच्याखाली औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर, ही दोन्ही धरणं १९६८ची. पूर्वेला कळमनुरी तालुक्याच्या हद्दीवर पैनगंगेचं ईसापूर, १९८२चं. खुद्द हिंगोलीतून वाहते ती कयाधू. नरसी नामदेवांचं गाव तिच्याच काठी. सिद्धेश्वरला गाडीने तास लागतो, सेनगाववरून येलदरीला थोडा जास्त.

राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला, तेव्हापासून शनिवारही मोकळा झाला. त्याआधी दुसरा आणि चौथा शनिवार सोडला तर हातात एक रविवारच असायचा. एकच दिवस असला की माणूस घाईने जागा शोधतो, आणि घाईने शोधलेल्या जागेवर बसून दिवस काढतो. आम्हा नोकरदारांचे रविवार असेच जायचे. ‘धरणावर जा’ हे सगळेच सांगत. धरणाच्या फुगवट्याचा काठ मैलोन्‌मैल पसरलेला, त्यात कुठे बसायचं हे कोणी सांगत नसे.

ते सांगितलं सिद्धेश्वरच्या एका भोई म्हाताऱ्याने. थर्माकोलच्या चप्पूवर बसून तो जाळं काढत होता. मी काठावर उभा राहून, किनाऱ्यावरच्या सवयीने, पाण्याचा रंग कुठे गडद आहे ते शोधत होतो. त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, उगं वरून काय बघायलाव? खाली काय हाय ते उन्हाळ्यात येऊन बघा. मासा वाटंनंच चालतो. जुना नाला हीच त्याची वाट.”

मी मे महिन्यात गेलो, गळ घरी ठेवून. त्या दिवशी जे पाहिलं त्याने माझी मासेमारी बदलली. पाणी आत सरकलेलं, आणि जिथे हिवाळ्यात बोट फिरत होती तिथे मी चपला घालून चालत होतो. वरचा थर तडकलेल्या गाळाचा, पायाखाली शिंपले करकरणारे. थोडं खाली उतरल्यावर ओल लागली आणि गाळपेर सुरू झाली: काकडी, टरबूज, जनावरांचा हिरवा चारा. त्याच्याही पलीकडे बाभळींचे खुंट ओळीने उभे होते. तो कधीकाळचा बांध होता. एका विहिरीचा दगडी काठ तसाच शाबूत, आत गाळ भरलेला. आणि या सगळ्यातून वळणं घेत जाणारं नाल्याचं जुनं पात्र, भोवतालच्या जमिनीपेक्षा पुरुषभर खोल. बुडालेली शेतं, विहीर, बांध, गाडीवाट यांचा एक नकाशाच माझ्यासमोर उघडा पडला होता. हिवाळ्यात मासा याच खोलगट वाटेने चढ-उतार करणार, खुंटांच्या आडोशाला मरळ थांबणार, विहिरीच्या कपारीत वाम बसणार, हे सांगायला मग कोणी लागलं नाही.

खुणा धरायची रीत मी कोकणातून आणली होती. आमच्याकडचे मच्छीमार देऊळ आणि डोंगराचं टोक एका रेषेत आलं की समुद्रातली जागा ओळखतात. मी नाल्याच्या वळणावर उभा राहिलो आणि काठावरचं कडुनिंबाचं झाड व त्यामागची विजेच्या तारांची मनोरी एका रेषेत धरली. आडव्या दिशेला टेकडीवरचं देऊळ आणि शाळेचं छप्पर. वहीत लिहून ठेवलं. जानेवारीत वरून सगळीकडे सारखंच निळं पाणी होतं, पण माझा गळ नाल्याच्या कडेला पडत होता. तेव्हापासून दर मे महिन्यात एक फेरी मी मारतोच. गाळ दरवर्षी सरकतो, खुंट लोक सरपणाला नेतात, म्हणून जुनी वही पुढच्या वर्षी पुरत नाही.

समुद्राची तिथी इथे चालत नाही, पण इथल्या पाण्यालाही आपला चढ-उतार आहे. तो पाटबंधारे खात्याच्या आवर्तनांवर चालतो. येलदरीच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन जनित्र संच आहेत. वीज तयार करून सोडलेलं पाणी पूर्णेतून खाली येतं आणि सिद्धेश्वरच्या जलाशयात साठतं. तिथून कालव्यांनी वसमत, परभणी, नांदेडकडच्या शेतांना जातं. म्हणजे येलदरीतून पाणी सुटलं की सिद्धेश्वरच्या वरच्या टोकाला प्रवाह येतो, आणि सिद्धेश्वरचे कालवे सुरू झाले की काठ उतरू लागतो. रब्बीचं आवर्तन कधी, उन्हाळी कधी, हे शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. मी कार्यालयातल्या शेतकरी सहकाऱ्यांना विचारून घेतो. पाणी एकदम उतरायला लागलं की उथळ काठावरचे मासे खोलात जातात आणि दोन-तीन दिवस काही खात नाहीत. पातळी स्थिरावली की पुन्हा काठाकडे येतात. शनिवारी सकाळी निघायच्या आधी मला वाऱ्याची दिशा आणि पातळीचा कल, एवढ्या दोनच गोष्टी हव्या असतात. वारा ज्या काठावर आपटतो, त्या काठाला बसावं. वाऱ्याने पृष्ठभागावरचं सूक्ष्म अन्न त्या बाजूला ढकललेलं असतं आणि कटला त्याच्यामागे येतो. बसायला तो काठ त्रासाचा असतो, लोक आडोशाची बाजू पकडतात आणि दिवसभर तरंगत्या पिसाकडे बघत राहतात.

कोणत्या माशासाठी गळ किती खोल सोडायचा, हेही काठावर बसूनच कळत गेलं. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. पीस आणि गळ यांच्यातलं अंतर त्याप्रमाणे ठेवायचं. रोहूसाठी मी कणकेत शेंगदाण्याची पेंड आणि थोडं भाजलेलं बेसन मळतो. गोळी बोराएवढी, आणि इतकी घट्ट की फेकताना सुटू नये, पण पाण्यात काही वेळाने विरघळू लागावी. रोहू घास घेतो तेव्हा पीस आधी नुसतं थरथरतं. नवखा माणूस इथेच झटका देतो आणि गोळी गमावतो. थरथर थांबते, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग पीस आडवं सरकू लागतं. ते सरकणं दिसलं की मनगटाने हलका ओढा द्यायचा. शिंगट्याची गोष्ट निराळी, तो पीस सरळ खालीच नेतो. गळावरून त्याला सोडवताना पंखांचे काटे बोटात शिरले तर संध्याकाळपर्यंत हात ठणकतो. कोकणात समुद्रातल्या शिंगाळ्याने हे मला लहानपणीच शिकवलं होतं.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. धरणातलं पाणी सरकारी आणि मासा देवाचा, असं समजून आपण काठावर बसतो. तसं नाही. जलाशयाचा मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाकडून मच्छीमार सहकारी संस्थेला दिलेला असतो. रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी देणारे मासे. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी देत नाहीत, म्हणून दरवर्षी बोटुकली विकत आणून सोडावी लागते. तिचे पैसे संस्थेचे सभासद भरतात. ते भोई कुटुंबांतले, हातावर पोट असलेले लोक. माझ्या गळाला जो रोहू लागतो तो कोणीतरी बोटाएवढा असताना पैसे देऊन सोडलेला असतो. हे कळल्यापासून मी संस्थेच्या माणसाला विचारल्याशिवाय कधी बसलो नाही. चिठ्ठी फाडतात तिथे चिठ्ठी घेतो, नसेल तिथे मिळालेला मासा काट्यावर ठेवून पैसे देतो. काही सोबत्यांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, गळाला लागून असे किती मासे जातात? माझं म्हणणं, किती जातात हा प्रश्नच नाही, ज्याचा आहे त्याला विचारावं.

या विचारण्याने मला जागाही दिल्या. परवानगी मागणाऱ्या माणसाला संस्थेचे लोक आपणहून सांगतात: “इकडं जाळी लावल्याती, तिकडच्या खाडीला बसा,” किंवा “परवा तिथं मरळ उसळत होती.” चहा होतो, घरच्या गोष्टी निघतात. एकदा एका पोराच्या दाखल्याचं काम अडलं होतं, त्याला कोणत्या टेबलावर जायचं ते मी सांगितलं. पुढे तो नोकरीला लागला. त्याच्या घरून अजूनही हळदीचा हंगाम संपला की घरची हळद येते. वसमतच्या रानातल्या त्या हळदीत शिजवलेल्या मरळीच्या कालवणाला तोड नाही, हे माझं ठाम मत आहे आणि त्यात कोकणाचा अपमान नाही.

मरळीबद्दल एक सांगायलाच हवं. पावसाळ्यात उथळ, गवताळ पाण्यात कधी लालसर-केशरी ठिपक्यांचा एक गोळा पृष्ठभागाशी हलताना दिसतो. क्षणात फुलतो, क्षणात आवळतो. ती मरळीची पिल्लं असतात, आणि त्यांच्या खालीच आई-बाप राखण करत असतात. जवळ काहीही आलं की ते त्यावर तुटून पडतात, भूक नसली तरी. अशा वेळी बेडूक लावून गळ टाकला तर मरळ हमखास लागते. तिला ओढून काढली की तासाभरात चिलापी आणि खवल्या त्या पिल्लांचा फडशा पाडतात. मी हे एका नाल्याच्या तोंडाशी डोळ्यांनी पाहिलं आहे. दुसऱ्याने काढलेली मरळ काठावर तडफडत होती, आणि पाण्यात तो केशरी गोळा विस्कटून चहूबाजूंनी टिपला जात होता. पिल्लांवरची मरळ धरायची नाही, हा आमच्या चार-पाच जणांचा नियम त्या दिवसापासूनचा. चढणीच्या माशांनाही तोच. पहिला मोठा पाऊस झाला की कयाधूला मिळणाऱ्या ओढ्यांतून अंड्यांनी भरलेले मासे वर चढतात. लोक टोपल्या, मच्छरदाण्या घेऊन धावतात. कोकणातही हीच धावपळ असते. त्या आठवड्यात दोन वेळचं कालवण सोडलं, तर हिवाळ्यात ओढ्यात मासे दिसतात.

२०१६चा उन्हाळा मराठवाडा विसरणार नाही. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आमच्याकडच्या जलाशयांचे तळ दिसत होते. पाणी कमी, ऊन जास्त, आणि उरल्यासुरल्या डबक्यात सगळे मासे एकवटलेले. अशा पाण्यात पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो. रात्रभर वनस्पती आणि जीव दोघेही तो वापरतात आणि सूर्य उगवेपर्यंत नवा तयार होत नाही. एका पहाटे मी काठावर गेलो तर शेकडो तोंडं पाण्याबाहेर उघडझाप करत होती. नुसता टॉवेल टाकला असता तरी मासे आले असते. गावातली काही मंडळी म्हणाली, मरणारच आहेत तर धरून का न्यावेत? संस्थेच्या लोकांनी आपला माल काढला, तो त्यांचा हक्क होता. मी त्या उन्हाळ्यात गळ बाहेर काढला नाही. मरळ, शिंगटा, खवल्या यांची बोटुकली कोणी विकत आणून सोडत नाही. त्या डबक्यात जे तगतील तेच पुढे वाढणार होते.

दुष्काळापेक्षा वाईट गोष्ट पुढे पाहिली. एका आडबाजूच्या डोहात काही तरुण बॅटरीचा करंट सोडून मासे काढत होते. करंटने मोठा मासा तरंगतो, पण त्याबरोबर बोटाएवढी पिल्लं आणि झिंगेही मरतात, जी कोणाच्याच उपयोगाची नसतात. संस्थेचे लोक आले, बाचाबाची झाली, पोरं निघून गेली. सुरुंग आणि विष टाकून मासे मारायला १८९७च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून बंदी आहे. आता त्या प्रकारांत करंटची भर पडली. कायदा सव्वाशे वर्षांचा झाला तरी डोह राखायला काठावर माणूसच लागतो. आमच्यासारखे रविवारी बसणारे लोक तिथे असले की असे प्रकार कमी होतात, हे मला संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतः सांगितलं. छंदाचा असा उपयोग होईल असं मनात नव्हतं.

दिवाळीत गावी गेलो की अजूनही किनाऱ्यावर जातो. तिथे आता रविवारी गाड्या भरून लोक येतात, महागडे रॉड, रील, नकली मासे. जातात तेव्हा वाळूत तांगुशीचे गुंते पडलेले असतात. धरणाच्या काठावरही तेच दिसू लागलं आहे. तुटलेली तांगूस वर्षानुवर्षं कुजत नाही. एका बगळ्याच्या पायाला गुंडाळलेली तांगूस मी आणि माझ्या मुलाने कात्रीने कापून काढली, तेव्हा त्याचा पाय काळा पडलेला होता. उडाला, पण एका पायावर.

तर जागा विचारणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. मे महिन्यात एकदा चालत जाऊन बुडीत क्षेत्र बघून या आणि खुणा लिहून ठेवा. संस्थेच्या माणसाला आधी भेटा. ईसापूरच्या बाजूला अभयारण्यही आहे, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय पाण्याजवळ जाऊ नका. वीतभर मासा लागला तर ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात सोडा. तांगुशीचा तुकडा न् तुकडा खिशात घालून घरी आणा. पावसाळ्यात धरणाखालच्या पात्रात उतरूच नका. एरवीही कानात काही घालून बसू नका, आणि धरणातून पाणी सोडण्याआधीचा भोंगा वाजला की रॉड, पिशवी, लागलेला मासा, सगळं तिथेच टाकून आधी काठावर चढा.